बालपथकाचा रविवार आणि वर्षाचा आराखडा

(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त झालेल्या पालक मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



समितीने मला विषय दिला आहे, ‘बालपथकाच्या कार्यक्रमांचे नियोजन’. मी काही शिक्षक नाही की प्राध्यापक नाही. सातवीनंतर दिवसाची शाळा सुटली. पुढे जे काही शिकलो ते रात्रशाळेत आणि साच्यावर उभे राहून. उमेदीची सगळी वर्षे गिरणीच्या साचाखात्यात गेली. गिरणी बंद पडली, हातात वेळ आला आणि तो या पोरांत घातला. त्यामुळे विद्वत्तापूर्ण भाषण ऐकायला मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. जे करून पाहिले तेवढेच सांगतो.

प्रथम दुखणे कुठे आहे ते बघू. आपल्या बालपथकाच्या वहीत चाळीसच्या आसपास नावे आहेत. त्यात पहिली ते चौथीची मुले भरपूर. आई हाताला धरून आणून सोडते म्हणून ती येतात. पाचवी-सहावीला गळती सुरू होते. आठवीच्या पुढचे पोर विहारात दिसते ते एकदम १४ एप्रिलला, तेही मिरवणुकीत. मग आपण मोठी माणसे काय म्हणतो? मोबाईलने पोरं बिघडवली. मला हे अर्धेच पटते. मोबाईल आल्याला किती वर्षे झाली? आणि त्याच्या आधी मोठी मुले विहारात थांबत होती का? नाक्यावर तेव्हाही गर्दी असायचीच.

सातवीतल्या एका मुलाला मी जिन्यात गाठून विचारले, का रे, येत का नाहीस? तो म्हणाला, “काका, तुम्ही आज काय बोलणार ते मला पाठ आहे. म्हणून दाखवू?” आणि त्याने खरोखर म्हणून दाखवले! त्रिसरण, पंचशील, मग एका काकांचे भाषण, शिका-संघटित व्हा, मोबाईल वापरू नका, मग बिस्किटाचा पुडा, रांगेत घरी जा. एक शब्द इकडचा तिकडे नाही. पोराला वंदनेचा कंटाळा नव्हता. त्याला पुढच्या तासाभराचा कंटाळा होता.

आता कार्यक्रमात वैविध्य आणा म्हटले की आपल्यातलीच काही ज्येष्ठ मंडळी नाराज होतात. विहार म्हणजे खेळाचे मैदान आहे का, असा प्रश्न येतो. प्रश्न आदराने घेतो, पण उत्तरही देतो. बाबासाहेबांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. त्या सभेने काय काय केले? सोलापूरला १९२५ मध्ये वसतिगृह काढले. मोफत वाचनालय काढले. विद्यार्थ्यांचे ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिक निघाले. आणि मुंबईत हॉकीचा क्लब काढला. होय, हॉकीचा! ज्या काळात आपल्या माणसाला सार्वजनिक पाणवठ्यावर पाणी भरता येत नव्हते, चवदार तळे अजून तीन वर्षे पुढे होते, त्या काळात त्या सभेला पोरांच्या हातात हॉकीची काठी द्यावीशी वाटली. बाबासाहेब स्वतः उतारवयात व्हायोलिन शिकले. एवढ्या व्यापात त्यांनी ते कसे जमवले असेल, मला नवल वाटते.

त्याच्याही मागे जाऊ. भगवंतांनी राहुलाला खोटे बोलण्याविषयी उपदेश केला तो कसा? राजगृहाजवळ अंबलट्ठिका नावाच्या ठिकाणी राहुल राहत होता. भगवंत तिथे गेले. राहुलाने पाय धुवायला पाणी ठेवले. पाय धुऊन झाल्यावर भगवंतांनी भांड्यात थोडे पाणी शिल्लक ठेवले आणि राहुलाला ते दाखवले. मग ते फेकून दिले आणि दाखवले. मग भांडे पालथे केले, मग उताणे केले, रिकामे भांडे दाखवले. जाणूनबुजून खोटे बोलणाऱ्याचे श्रमणपण असेच थोडे, असेच सांडलेले, असेच पालथे, असेच रिकामे. त्यानंतर आरशाचा दाखला दिला. मंडळी, पोराला शिकवायचे तर हातात वस्तू घ्यावी लागते. भगवंतांनी पाण्याचे भांडे घेतले आणि आपण नुसता माईक घेतो.

तेव्हा नियोजन. माझे धंद्याचे ज्ञान कापडाचे आहे, तेव्हा त्याच भाषेत सांगतो. कापडाला ताणा आणि बाणा असतो. ताणा म्हणजे बीमावरून येणारे उभे धागे. एकदा बीम चढला की ते बदलत नाहीत. बाणा म्हणजे धोट्यातून जाणारा आडवा धागा. बाण्याचा रंग बदलत गेला की पट्टे पडतात. नुसता ताणा म्हणजे कापड नव्हे आणि नुसत्या बाण्याचा होतो गुंता. आपल्या रविवारचा ताणा ठरलेला राहील. सुरुवातीला वंदना आणि दोन मिनिटे शांत बसणे, मिळून पंधरा मिनिटे. शेवटी पाच मिनिटे पुढच्या रविवारी काय आहे ते सांगणे. हे कधीही मोडायचे नाही, पाहुणे आले तरी. मधला सव्वा तास म्हणजे बाणा. तो दर रविवारी वेगळा हवा.

महिन्याचे चार रविवार धरले तर एक अंगमेहनतीचा आणि खेळाचा, एक हातांनी काही करण्याचा, एक वाचण्या-बोलण्याचा, आणि एक बाहेर पडण्याचा किंवा बाहेरून कोणीतरी बोलावण्याचा. पाचवा रविवार आला तर तो मुलांचा, त्यांनीच ठरवायचा. (मागच्या वेळी त्यांनी भेळ केली. कांदा मला चिरायला लावला.)

वर्षाचा आराखडा जूनमध्ये, शाळा सुरू होतानाच करावा. भिंतीवरचे मोठे कॅलेंडर घ्या आणि आधी त्यावर जे आपल्या हातात नाही ते लिहा. पाऊस कधी, सहामाही परीक्षा कधी, दिवाळीची सुट्टी कधी, मार्चमधल्या परीक्षा कधी, आणि मे महिन्यात निम्मी मुले गावाला कधी जातात. मग आपले दिवस लिहा. आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो, १४ ऑक्टोबर, ७ नोव्हेंबर म्हणजे १९०० साली बाबासाहेबांनी साताऱ्याच्या शाळेत प्रवेश घेतला तो दिवस, २६ नोव्हेंबर, ६ डिसेंबर, ३ जानेवारी सावित्रीमाई, ७ फेब्रुवारी रमाई, ११ आणि १४ एप्रिल, वैशाख पौर्णिमा. एवढे लिहून झाले की कळते, मोकळे रविवार किती थोडे उरतात. आराखडा नसेल तर हे थोडे रविवारही ‘आज काय घ्यायचे बरे’ म्हणत जातात.

आपल्या जयंत्यांबद्दल एक शब्द. प्रत्येक जयंतीला मुलांची भाषणे ठेवतो. भाषण लिहितो बाप, पाठ करते पोर, टाळ्या वाजवते आई. हे थोडे कमी करा. ७ नोव्हेंबरला भाषणाऐवजी प्रत्येकाने घरातल्या पहिल्यांदा शाळेत गेलेल्या माणसाचे नाव शोधून आणावे, एवढेच काम दिले. कुणाच्या घरी ते नाव पणजोबांचे निघाले, कुणाच्या घरी आईचे. एका घरी ते नाव त्या मुलाचेच निघाले. असे भाषण कुठल्या बापाला लिहिता येईल?

खेळाबद्दल फार सांगत नाही. आपल्या गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या असतात, खो-खोला जागा नाही. लंगडीला मात्र चार रेघांचा चौकोन पुरतो. लगोरीला सात फरशीचे तुकडे आणि एक चेंडू. मुले-मुली एकत्र खेळवा, संघ वयाने नाही तर चिठ्ठ्या काढून पाडा. म्हणजे धाकट्याला सांभाळून कसे घ्यायचे ते थोरला शिकतो.

हाताच्या कामात पावसाळा काढावा. बांबूच्या काड्या आणि पतंगाचा कागद आणून कंदील करणे, फाटक्या वह्या शिवून नव्या बांधणे, शर्टाला बटण लावणे. बटण लावणे मुलग्यांनाही, हे मुद्दाम सांगतो. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना कागदपत्रांचे काम शिकवा. शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरतात, त्याला कोणकोणते दाखले जोडावे लागतात, जातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला कुठे मिळतो. आपली किती पोरे एका कागदासाठी प्रवेशाला मुकतात ते इथल्या पालकांना वेगळे सांगायला नको.

आणि एक रविवार हळदीचा. हळद पाण्यात कालवून कागदावर फासायची आणि वाळवायची. मग साबणाच्या पाण्यात काडी बुडवून त्यावर लिहायचे. अक्षरे लाल उमटतात. हळदीच्या पाण्यात चुना टाकला तर अख्खे पाणी लाल होते. मुले ओरडली, रक्त! मग त्यांना सांगितले की हेच दाखवून एखादा बुवा तुमच्या आजीकडून पैसे काढतो. केसपुत्त गावच्या कालामांना भगवंतांनी जे सांगितले, की कोणी सांगितले म्हणून, परंपरा आहे म्हणून मानू नका, ते मी दहा वेळा भाषणात सांगितले होते. हळदीच्या दिवशी ते एकदाच सांगावे लागले.

आता बाहेर पडण्याविषयी. यावर जरा जास्त बोलतो.

मुंबईत आपण राहतो आणि आपल्याला लेणी दाखवायला औरंगाबादची सहल लागते! बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरी आहे. शंभराहून जास्त लेणी आहेत. अंधेरीला महाकाली म्हणजे कोंडिविटेची लेणी आहेत. परळला बीआयटी चाळ आहे, जिथे बाबासाहेबांनी वीसहून जास्त वर्षे काढली. दादरला राजगृह आहे. लोकलचे तिकीट आणि डबा, एवढ्या खर्चात हे सगळे होते.

पण नुसते नेऊन उपयोग नाही. नेले, फोटो काढले, वडे खाल्ले, आणले, याला सहल म्हणतात. तयारी आधी दोन रविवार हवी. कान्हेरीला जाण्याआधी मुलांना ब्राह्मीची चार अक्षरे शिकवली. अशोकाच्या ब्राह्मीत ‘क’ बेरजेच्या चिन्हासारखा आहे, ‘ग’ तंबूसारखा, ‘ठ’ म्हणजे नुसते वर्तुळ. ही लिपी लोक पार विसरून गेले होते, ती १८३७ साली प्रिन्सेप नावाच्या इंग्रजाने पुन्हा वाचली, हेही सांगितले. कान्हेरीला अक्षरांची वळणे थोडी बदलली आहेत, तरी ‘क’ ओळखू येतो. पहिला ‘क’ सापडल्यावर चौथीतला पोरगा असा नाचला की त्याला लॉटरी लागली असे बघणाऱ्याला वाटावे.

दुसरे काम दिले ते पाण्याचे. कान्हेरीच्या डोंगरावर खडकात पन्हळी कोरल्या आहेत. पावसाचे पाणी त्यातून वाहत येऊन लेण्यांशेजारच्या टाक्यांत साठते. दर आठ मुलांच्या गटाने एक पन्हळ धरायची, वरून खालपर्यंत चालत जायचे आणि पाणी कुठे पोहोचते ते वहीत काढायचे. सांगायला हवे का, की एका मुलीने विचारलेच, “त्या भिक्खूंना डोंगरावर पाणी होतं, मग आपल्या तिसऱ्या मजल्यावर का चढत नाही?” या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते, नगरसेवकाकडे असेल.

आणि तिसरी गोष्ट मी ठरवून केलेली नव्हती. तिथले शिलालेख बहुतेक दानाचे आहेत. कुणी लेणे दिले, कुणी पाण्याचे टाके दिले. देणाऱ्यांत व्यापारी आहेत, कारागीर आहेत, भिक्खू आहेत आणि भिक्खुणीही आहेत. बायकांची नावे दगडात कोरलेली आहेत, हे मी बोलता बोलता सांगून गेलो. मुले डबे खायला बसली, मीही विसरलो.

पुढच्या महिन्यात वाचण्या-बोलण्याच्या रविवारी काम होते मुलाखतीचे. प्रत्येकाने घरातल्या किंवा शेजारच्या एका म्हाताऱ्या माणसाला विचारायचे की आपला विहार कसा बांधला, आणि उत्तर वहीत लिहून आणायचे. त्याचे भित्तिपत्रक करायचे होते. मला वाटले, वर्गणी किती जमली, मूर्ती कुठून आली, असे काही येईल. वह्या उघडल्या तर निराळेच. एका मुलीच्या आजीने सांगितले होते की सिमेंट कालवायला पाणी नव्हते, तेव्हा रात्री नळ आला की चाळीतल्या बाया हंड्यांनी पाणी आणून पिंप भरून ठेवायच्या. दुसऱ्या मुलाच्या आजीने रेती वाहिली होती, तान्हे पोर झोळीत टाकून. तिसरीच्या आजीने गळ्यातली एकच एक पुतळी मोडून पैसे दिले होते आणि घरी नवऱ्यालाही सांगितले नव्हते.

तेव्हा ती पहिली मुलगी उठली, दाराजवळच्या संगमरवरी फळीपाशी गेली आणि सगळी नावे मोठ्याने वाचू लागली. वाचून झाल्यावर म्हणाली, “काका, कान्हेरीला बायकांची नावं दगडावर आहेत म्हणालात. मग इथं माझ्या आजीचं का नाही?”

मंडळी, ती फळी आपण रोज बघतो. येता-जाता तिच्यावरची धूळ पुसतो. तिच्यावर एकही बाईचे नाव नाही हे आपल्यापैकी कोणाच्या ध्यानात आले होते? मला मुलांच्या कार्यक्रमातल्या वैविध्याबद्दल जे सांगायचे आहे ते हेच आहे. लेणी पाहिली एका महिन्यात, आजीला विचारले दुसऱ्या महिन्यात, आणि दोन्ही धागे पोरीने आपल्या डोक्यात विणले. मी वर्षभर स्त्री-पुरुष समतेवर भाषण दिले असते तरी हा प्रश्न निघाला नसता. आणि असे प्रश्न निघू लागले की मोठ्या माणसांना अवघड होते, हेही आधीच सांगून ठेवतो. ज्यांना फक्त गप्प बसणारी मुले हवी असतील त्यांनी वैविध्याच्या भानगडीत पडू नये.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी.

मुली का येत नाहीत, असे विचारणाऱ्यांनी आधी नळाची वेळ बघावी. रविवारी सकाळी पाणी, कपडे, मटण आणायला रांग. आई कामावर जाते, पोरगी घर ओढते. म्हणून आमचे पथक संध्याकाळी पाच वाजता भरते आणि दिवेलागणीला सुटते. धाकटे भावंड कडेवर घेऊन येणाऱ्या मुलीला परत पाठवायचे नाही. सतरंजीचा एक कोपरा त्या लहानग्यांचा.

बाहेर नेताना पालकांची लेखी संमती, आठ मुलांमागे एक मोठे माणूस, त्यात निदान दोन महिला, आणि प्रत्येकाच्या खिशात घरचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी. गाडीत चढताना आणि उतरताना मोजदाद. विहारात असो की बाहेर, एकटे मूल आणि एकटे मोठे माणूस बंद खोलीत कधीही राहणार नाही. हा नियम माझ्यासकट सर्वांना. यात कुणावर संशय नाही, पण २०१२ साली मुलांच्या संरक्षणाचा कायदा झाला तो उगाच झाला नाही.

तेरा वर्षांवरच्या मुलांना प्रेक्षक म्हणून बसवू नका. ती टिकणार नाहीत. त्यांना एकेक गट द्या, सामानाच्या पेटीची किल्ली द्या, हिशोबाची वही द्या. जिन्यात मला भाषण म्हणून दाखवणारा तो मुलगा आज लंगडीचा पंच आहे आणि माझ्याशी नियमांवरून भांडतो.

प्रत्येक कार्यक्रमानंतर त्यांच्यासोबत दहा मिनिटे बसा. राहुलाला भगवंतांनी सांगितले होते, काम करण्याआधी, करताना आणि केल्यानंतर, तिन्ही वेळा तपासून पाहा. आम्ही तेच तीन रकाने वहीत आखले आहेत. कंटाळा कुठे आला, कोण एकटे बसले होते, काय पुरले नाही, हे मुले जितके नेमके सांगतात तितके आपल्याला दिसत नाही.

पैशाची फार चिंता करू नका. वर्षाला दोरी, चेंडू, कार्डशीट, खळ, वह्या आणि लोकलची तिकिटे. लेण्यांना पंधरा वर्षांखालील मुलांना पुरातत्त्व खात्याचे तिकीट नाही, उद्यानाचे प्रवेश शुल्क तेवढे द्यावे लागते. एका मोठ्या स्पीकरच्या एका रात्रीच्या भाड्यात आमचे वर्ष निघते. १४ एप्रिलला स्पीकर लावणाऱ्या तरुण मित्रांनी रागावू नये, पण हिशोब करून बघावा.

समितीकडे दोन मागण्या आहेत. एक, पुस्तकांच्या कपाटाची किल्ली रविवारी पथकाकडे असावी. कुलपातली पुस्तके वाळवी तेवढी वाचते. दुसरी मागणी मुलांचीच आहे आणि त्यांनी ती स्वतःच्या हाताने लिहून अध्यक्षांना दिली आहे. विहारासाठी ज्या ज्या आयाबायांनी पाणी वाहिले, रेती वाहिली, दागिना मोडला, त्यांच्या नावांची एक फळी पहिल्या फळीशेजारी लागावी. अध्यक्ष साहेबांनी विषय पुढच्या बैठकीत घेतो म्हणून सांगितले आहे. तोपर्यंत मुले नावे जमवत आहेत. त्यातल्या पुष्कळ जणी आज हयात नाहीत, काही गावी गेल्या, काही सुनेकडे उपनगरात आहेत. दाराशी टेबलावर वही ठेवली आहे, आपल्या घरातले नाव आणि त्या माउलीने काय केले ते दोन ओळीत जाताना लिहून जा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी सहावीतल्या दोन मुली तिथेच बसल्या आहेत, त्यांना सांगा, त्या लिहून घेतील.

जयभीम! नमो बुद्धाय!